सव्वा मूठ गहू आणि रिकाम्या डिरेक्टऱ्या

मेनफ्रेमवरची सगळी मोठी कामं रविवारी निघतात आणि कानबाईही रविवारीच बसते. माझ्या संसारातली निम्मी भांडणं या एका गोष्टीवरून झाली असतील.

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची श्रावणातली देवी. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी ती घरात चौरंगावर बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. नारळाचंच तोंड, त्याला डोळे, नथ, वर खण. पण एकदा बसली की तिच्यापुढून उठावंसं वाटत नाही. तिच्या नैवेद्याला आम्ही रोट म्हणतो, आणि रोटाला सगळे भाऊबंद एका छताखाली यावेत अशी रीत आहे. कोणी सुरतेहून येतं, कोणी नाशिकहून, कोणी रजा टाकून येतं, कोणी न टाकताच. मी मात्र पुण्यात होतो तितकी वर्षं एकदाही गेलो नाही. दर वेळी कुठला ना कुठला बदल लागलेला असायचा, आणि बदल म्हटला की रविवार. घरचे म्हणायचे, तुझ्या त्या मशीनला दुसरा वार मिळत नाही का? मी म्हणायचो, देवीला तरी मिळतो का?

त्या मशीनबद्दल आधीच सांगून टाकतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मेनफ्रेम हा मोठ्या खानदानातला, जुन्या वळणाचा कॉम्प्युटर. बँका, विमा, पेन्शन असल्या, घडीभरही थांबून चालणार नाही अशा कामांना तो लागतो. मी सांभाळतो तो परदेशात, लोकांना पेन्शन देणाऱ्या एका संस्थेकडे आहे. मी त्याला डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही. पण त्याच्या पोटात युनिक्सचा जो भाग आहे, त्याचा कोपरान्‌कोपरा मला पाठ आहे. नातेवाइकांना वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. एका लग्नात एकाने मला प्रिंटरची शाई कधी भरायची ते विचारलं होतं. मी तेही सांगितलं.

युनिक्सची रचना म्हटली तर अगदी साधी आहे. सगळ्यांच्या तळाशी एक रूट फाइल सिस्टीम असते. बाकीच्या फाइल सिस्टीम तिच्यावर आणून बसवायच्या, म्हणजे माउंट करायच्या. पण कुठेही आणून ठेवता येत नाहीत. प्रत्येकीसाठी रूटमध्ये आधीपासून एक रिकामी डिरेक्टरी करून ठेवावी लागते. ती रिकामी डिरेक्टरी म्हणजे माउंट पॉइंट. चौरंग मांडलेला नसेल तर देवी बसवणार कुठे, तसंच हे. डिरेक्टरी नसेल तर फाइल सिस्टीम कितीही धडधाकट असो, ती बसत नाही, आणि तिच्यातलं काहीही कोणाला दिसत नाही.

आता खरी गंमत. चालू मशीनवर रूट कुलूपबंद असते. वाचा, पण लिहू नका. काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती येते, तेव्हाही जुनीला कोणी हात लावत नाही. नवी रूट बाजूला उभी करायची, आपल्याला लागणारे सगळे माउंट पॉइंट तिच्यात आधीच करून ठेवायचे, आणि एखाद्या रविवारी मशीन बंद करून नव्या रूटवर चालू करायचं. चालू झालं की एकेक फाइल सिस्टीम आपापल्या जागेवर येऊन बसते आणि स्क्रीनवर तसे संदेश सरसर उमटत जातात. ते बघताना मला जे होतं ते मी बायकोलाही नीट सांगू शकलेलो नाही. ती म्हणते, तुमचा चेहरा त्या वेळी लग्नातल्यापेक्षा जास्त खुललेला असतो.

बायको जळगावात शाळेत शिकवते. आमचा संसार कित्येक वर्षं पुणे ते जळगाव धावणाऱ्या स्लीपर गाडीतच चालला. शेवटी मी हट्टच धरला की जळगावातून काम करू द्या. पुण्यातल्या आमच्या टीमच्या मॅडम सरळ आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी मला फोनवर सांगितलं, "वरच्या लोकांना वाटतं, जळगावात लाइट नसते, नेट नसतं, तिथून काय काम होणार. मी तुझ्यासाठी एक संधी मागून घेतलीय. या वेळचा रूटचा बदल तू जळगावातून कर, एकट्याने. त्यानंतरचा पेन्शनचा दिवस सुरळीत पार पडला तर कायमचा तिथेच राहा. काही अडकलं तर बॅग भर आणि पुण्याला ये. मग मला तुझ्यासाठी भांडता येणार नाही."

आता तुम्हीच सांगा, मला झोप कशी लागावी? इथून जवळच दीपनगरच्या केंद्रात एवढी वीज तयार होते आणि माझी कायमची बदली म्हणे लाइटमुळे अडलेली! मी भडकलो, आणि भडकलो की माझं काम चांगलं होतं. आमच्या फ्लॅटच्या खिडकीखालून दिवसभर रिक्षांचे हॉर्न, समोरच्या डाळ मिलमधून येणारी तुरीची धूळ, आणि आत मी नवी रूट सजवत बसलेलो. कोणत्या फाइल सिस्टीम माउंट आहेत ते चालू मशीनला विचारलं. त्याने जेवढ्या दाखवल्या, तेवढ्या सगळ्यांसाठी नव्या रूटमध्ये डिरेक्टऱ्या केल्या. मालक कोण, परवानगी कोणाला, सगळं पडताळून पाहिलं.

जुन्या रूटमध्ये आणखीही काही डिरेक्टऱ्या होत्या. अगदी रिकाम्या, त्यांच्यावर काहीच बसलेलं नाही. कोणी कधी काळी चाचणीसाठी केल्या असतील, करणारे नोकऱ्या सोडून गेले असतील. मी त्या घेतल्या नाहीत. घर बदलताना मागच्या भाडेकरूचे रिकामे डबे कोणी उचलून नेतं का? चाचणीच्या मशीनवर नवी रूट चालवून पाहिली. एक चूक नाही. मॅडमनीही पाहिलं आणि म्हणाल्या, "वा, किती स्वच्छ केलंस!" मी त्या दिवशी बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं, "तुझ्या नवऱ्याला जळगावातून आता कोणी हलवू शकत नाही."

आणि मग तारीख कळली. कानबाईचाच रविवार.

बायको काहीच बोलली नाही. ती चिडली की बोलते, फार चिडली की गप्प बसते. मीच तोडगा काढला. शनिवारी सगळे गावी जाऊ. आमचं गाव धुळ्याच्या बाजूला, पांझरेच्या काठी. शनिवारी रोटाचे गहू मोजतात, तेवढं तरी बघेन, आणि संध्याकाळी मी एकटा जळगावला परतेन. रविवारी फ्लॅटमध्ये बसून बदल करेन. "म्हणजे देवी यायच्या आधीच तुम्ही निघणार," बायको म्हणाली. "हो, पण घरी जाऊन तर येईन," मी म्हणालो. हे वाक्य मला स्वतःलाच पटलं नाही, पण एरंडोल, पारोळा करत आम्ही निघालो.

गावचं घर आता नव्या स्लॅबचं आहे. पुढच्या खोलीला पांढरा रंग दिलेला, फरशी धुऊन काढलेली, कोपऱ्यात चौरंग पालथा करून वाळत ठेवलेला. अंगणात चटईवर निवडलेला गहू पसरला होता आणि त्याच्यापुढे आबा बसले होते. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, घरातले सगळ्यांत वडीलधारे. गहू मोजायचा मान त्यांचा. रीत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू टोपलीत पडतो. मग तो गावातल्या चक्कीवर जातो, चक्कीवाला त्याच्यासाठी चक्की झाडून पुसून ठेवतो, आणि त्या पिठाचे रोट होतात.

"पुरुषांच्याच नावाने का?" बायकोने माझ्या कानात विचारलं. "लाटायला आम्ही, भाजायला आम्ही, आणि मोजायला तेवढे तुम्ही." आबांच्या कानाला ऐकू कमी येतं, पण हे ऐकू आलं. ते हसून आमच्या अहिराणीत म्हणाले, "सूनबाई, बठ्ठं तुम्हनंच शे. आम्ही खाली मुठी टाकतस." म्हणजे सगळं तुमचंच, आम्ही नुसत्या मुठी टाकतो.

बसलेल्यांची नावं घेत आबा मुठी टाकत होते. एक मूठ, तिच्यावर चिमूटभर, की झाली सव्वा. माझं नाव आलं तेव्हा मला भलताच उत्साह आला. एवढ्या वर्षांनी मी या अंगणात बसलो होतो. मी म्हणालो, "आबा, मन्ही मूठ यंदा जराशी मोठी टाका. बराच सालथीन पडनी नही." आबांनी माझ्याकडे एकदा नुसतं पाहिलं, मूठ टाकली, चिमूट टाकली, आणि पुढचं नाव घेतलं. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसावं.

हजर माणसं संपली. आता टोपली उचलतील असं मला वाटलं, पण आबा पुढेच गेले. फौजेत असलेल्या पुतण्याचं नाव घेतलं, मूठ टाकली. दुबईला गेलेल्याचं घेतलं, मूठ टाकली. मग त्यांनी एक नाव घेतलं आणि अंगणातली बोलणी थांबली. तो माझा चुलत भाऊ. घरात वाजलं म्हणून निघून गेला, तो परत आलाच नाही. फोन नाही, पत्ता नाही. त्याची आई, म्हणजे माझ्या काकू, हळूच म्हणाल्या, "आबा, तो तं येस नही, फोनबी करस नही. त्यानी मूठ कसाले टाकतस?"

आबांचा हात गव्हातच होता. ते म्हणाले, "आठे नही म्हनीसन काय त्याना नावनी टाकानी नही? घरना शे ना तो? मंग?" आणि मूठ टोपलीत टाकली. वर चिमूट टाकायलाही विसरले नाहीत.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. आणि खरं सांगतो, त्या क्षणी त्यांच्याबरोबर गहिवरायचं सोडून मला माझी नवी रूट आठवली. चालू मशीनने मला कोण दाखवलं होतं? जे त्या वेळी हजर होते तेवढेच! माउंट केलेल्या फाइल सिस्टीम. जी त्या वेळी बाहेर होती, कामापुरती येते आणि काम झालं की उतरवून ठेवतात, तिची डिरेक्टरी मला रिकामी दिसणारच होती. आणि रिकाम्या डिरेक्टऱ्या तर मी डबे समजून मागे सोडून आलो होतो.

मी ताडकन उठलो. आबा म्हणाले, "काय व्हयनं रे भो?" मी म्हणालो, "आबा, एक जन मोजाना ऱ्हायी ग्या!" आणि लॅपटॉपची बॅग घेऊन जिन्याकडे पळालो. मागून बायकोचा आवाज आला, "चहा तरी घेऊन जा!"

गावात रेंज मिळते ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या मागे. तिथे सावलीही पडते. मांडी घालून बसलो, मोबाइलवरून नेट घेतलं आणि मशीनमध्ये शिरलो. या वेळी मी कोण हजर आहे ते विचारलंच नाही. पेन्शनच्या जेवढ्या प्रक्रिया आहेत त्यांच्या आज्ञांमध्ये माउंट हा शब्द कुठे कुठे आहे, ते शोधायला सांगितलं. बऱ्याच ओळी आल्या. ओळखीच्या, ओळखीच्या, ओळखीच्या. आणि मग एक अनोळखी.

पेन्शनच्या दिवशी प्रत्येकाच्या नावाचा जो हिशेबाचा कागद निघतो, त्याचे सगळे साचे एका वेगळ्या फाइल सिस्टीममध्ये ठेवलेले होते. कोणी चुकूनही हात लावू नये म्हणून ती महिनाभर उतरवलेली असायची. पेन्शनच्या दिवशी प्रक्रियाच तिला माउंट करायची आणि काम आटोपलं की पुन्हा उतरवायची. तिची जागा जुन्या रूटमध्ये होती. माझ्या स्वच्छ, नीटनेटक्या, कौतुक झालेल्या नव्या रूटमध्ये नव्हती. चाचणीच्या मशीनवर कोणी पेन्शन काढत नाही, म्हणून तिथे ती चूक दिसलीच नव्हती. रविवारी सगळं झकास चाललं असतं. मी पेढे वाटले असते. आणि पेन्शनच्या दिवशी प्रक्रिया दाराशी येऊन उभी राहिली असती, तिला जागाच सापडली नसती, आणि रूट कुलूपबंद.

मी मॅडमना फोन लावला. खरं म्हणजे मी तो लावायच्या आधी क्षणभर थांबलो. न सांगता डिरेक्टरी करून टाकली असती तर कोणाला कळलं नसतं. पण मला ते इतकं भन्नाट वाटत होतं की न सांगता राहणं शक्यच नव्हतं! मी सगळं एका दमात सांगितलं.

"हे मलाही दिसायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "मीही पाहिलंच होतं की. तुला कसं सुचलं?"

"खाली गहू मोजतायत, मॅडम."

"काय मोजतायत?"

मी त्यांना आबा, टोपली, दुबईचा पुतण्या आणि निघून गेलेला भाऊ, सगळं सांगितलं. त्या कोकणातल्या, त्यांना कानबाई माहीत नव्हती. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाकीच्या रिकाम्या डिरेक्टऱ्यांचं काय?"

"सगळ्या करतो."

"सगळ्या कर. कोणाची आहे हे कळेपर्यंत एकही टाकायची नाही."

नवी रूट अजून बाजूलाच होती, तिला कुलूप नव्हतं. मी तिच्यात शिरून एकेक डिरेक्टरी केली. हिशेबाच्या कागदांची सगळ्यांत आधी. मग जुन्या रूटमधल्या बाकीच्या, ज्यांच्याबद्दल मला काहीही ठाऊक नव्हतं त्याही. प्रत्येकीचा मालक, प्रत्येकीची परवानगी, जुनीशी ताडून. एक झाली की पुढची. मधे बायको चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून बघत राहिली. "हे काय, रिकामं रिकामंच करताय?" तिने विचारलं. "हो ना!" मी म्हणालो. एवढ्या आनंदाने मी तिला आजवर कुठल्याच गोष्टीला हो म्हटलं नसेल.

संपवून पाहिलं तर जळगावला परतायची वेळ निघून गेली होती. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिथून चालतंय ना? मग आता जागा बदलू नकोस. त्या टाकीमागूनच कर." असा माझा कानबाईचा रविवार मला परत मिळाला.

तिकडची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. अंघोळ करून, नवा सदरा घालून मी टाकीमागे बसलो. खाली देवीची तयारी चाललेली, बायकांची गाणी कर्ण्यावर लावलेली, पुरणाचा वास जिन्यातून वर येत होता. फोनवर मॅडम आणि परदेशातला ड्युटीवरचा माणूस. त्याने घाबरून विचारलं की तुमच्याकडे काही गडबड आहे का, कसला आवाज येतोय. मॅडमनी त्याला गंभीरपणे सांगितलं की एक महत्त्वाच्या पाहुण्या यायच्या आहेत.

मशीन थांबलं. स्क्रीन गप्प. हा वेळ मला दर वेळी जीवघेणा वाटतो. आणि त्याच वेळी हसूही येत असतं. त्यात गावातली लाइट गेली! कर्णा मधेच बंद पडला. पण लॅपटॉप भरलेला होता, मोबाइल भरलेला होता, आणि खाली बायका कर्ण्याशिवाय, आणखी मोठ्या आवाजात गायला लागल्या. मला वाटलं ओरडून सांगावं त्या वरच्या लोकांना, की बघा, लाइट गेली आणि काहीही थांबलं नाही.

मग पहिला संदेश आला. नवी रूट चढली. तिच्या मागोमाग दुसरी, तिसरी, एकेक आपल्या जागी बसत गेली. सरसर, सरसर. एकही अडली नाही. मी मोजणं केव्हाच सोडून दिलं होतं, नुसता बघत होतो. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता तुझी ती बोलाव." मी हिशेबाच्या कागदांची फाइल सिस्टीम हाताने माउंट केली. बसली! आत शिरून साचे उघडून पाहिले, सगळे जागच्या जागी. मग आदबीने उतरवून ठेवली. परदेशातला माणूस "छान" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. मी एवढ्या जोरात टाळी वाजवली की टाकीवरची कबुतरं उडाली.

खाली धावत गेलो तर देवी नुकतीच बसली होती. नथ थोडी तिरकी होती, बायको ती सरळ करत होती. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, भुवया उंचावून विचारलं. मी मान हलवली. मग खापरावरच्या पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, आमटी. मी असा जेवलो की काकू म्हणाल्या, पुण्यात काय उपाशी ठेवत होते का याला. सोमवारी चौरंग डोक्यावर घेऊन सगळे पांझरेवर गेले, मीही गेलो, फुगड्याही पाहिल्या. एवढं झालं तरी मनाच्या तळाशी एक गोष्ट होतीच. पेन्शनचा दिवस अजून यायचा होता.

तो त्याच आठवड्यात गुरुवारी आला. तिकडे उजाडता उजाडता प्रक्रिया सुरू होते, म्हणजे आपल्याकडे दुपार कलते तेव्हा. बायको शाळेतून आली होती आणि समोर भाजी निवडत बसली होती. मेथीची एकच काडी ती कितीतरी वेळ हातात धरून बसली होती. स्क्रीनवर प्रक्रिया पुढे सरकत गेली. माउंटची ओळ आली. पुढची ओळ यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी मनातल्या मनात पुण्याची बॅगसुद्धा भरून ठेवली. आणि मग आली. बसली. साचे उघडले. पहिल्या पेन्शनरचा कागद निघाला, दुसऱ्याचा निघाला, आणि मग ते निघतच राहिले. कुठल्या कुठे, मी कधी पाहणार नाही अशा गावांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे कागद. मी उठून बायकोच्या हातातली मेथीच घेतली आणि तिला म्हणालो, "झालं." ती रडायला लागली. आमच्यात रडणारा खरं तर मी आहे.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "वरून होकार आलाय," त्या म्हणाल्या. "जळगाव तुझं. आणि त्या तुमच्या काकांना माझा नमस्कार सांग."

मी लगेच आबांना फोन लावला. त्यांना ऐकू जावं म्हणून मी इतक्या मोठ्याने बोलत होतो की खालच्या मजल्यावरचे खिडकीतून वर बघायला लागले. "आबा, मन्हं जळगावनं पक्कं व्हयनं! आते पुनाले जानं नही. आते दरसाल कानबाईले मी येसू. मन्ही मूठ आते दरसाल पडी!"

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेस व्हयनं. पन हाई तू काय बोली ऱ्हायना भो? तू पुनाले व्हता तव्हय काय तुन्ही मूठ पडे नही का? दरसाल पडे. मीच टाकू ना."

मी खुर्चीवर बसलो. एवढी वर्षं मी पुण्यात स्क्रीनपुढे बसून मशीन बंद-चालू करत होतो, आणि त्याच रविवारी कोणीतरी माझ्या वाट्याचा रोट भाजत होतं, देवीपुढे ठेवत होतं, आणि माझ्या नावाने वाटून खात होतं. मला कोणी ते कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलंच नसेल.

"हॅलो?" आबा तिकडून ओरडले. "ऐकू येस का रे?"

"येस, आबा," मी म्हणालो. "ऐकू येस."